सिरोंकाच्या आईची गोठण

मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, अशी मसाई लोकांची रीत आहे. मी मसाई नाही, काम्बा आहे, म्हणून मी घेतो. सिरोंका. घेतलं. त्याला राग आला असेल तर येऊ दे. मला तसंही त्याच्याशी भांडायचं होतं, आणि म्हाताऱ्याने भांडायला वेळच दिला नाही.

एकोणीस वर्षं मी मसाई माराच्या माळावर एका कँपचा स्वयंपाकी होतो. पाहुण्यांचे आठ तंबू, एक जेवणाचा मोठा तंबू आणि मागे माझं स्वयंपाकघर. सगळे मला म्पिशी म्हणत, म्हणजे स्वयंपाकीच. मुसेंबी हे माझं नाव माझ्या बायकोला आणि ओळखपत्रालाच काय ते माहीत. कँप पर्यावरणवाला. सिमेंटचा कण नाही, दिवे उन्हावर चालणारे, आंघोळीला माणशी एक बादली ऊन पाणी. पाहुणे पहिल्या दिवशी त्या बादलीकडे बघून तोंड वाकडं करत आणि चौथ्या दिवशी घरच्यांना फोन करून सांगत, आम्ही एका बादलीत आंघोळ करतो म्हणून. आमच्या मकुएनीत लोक जन्मभर अर्ध्या बादलीत करतात. त्यांचं कौतुक करायला कोणी आलेलं मी पाहिलं नाही.

दर वर्षी मोठ्या पावसाच्या आधी अख्खा कँप उचलायचा. तंबू, खांब, दोऱ्या, संडासाचे खड्डे, सगळं. मागे काही म्हणजे काही राहता कामा नये. मग दोन आठवड्यांनी जमीनमालकांची समिती यायची आणि हातात आधीचे फोटो घेऊन वाकून वाकून जमीन बघायची. माणसाची खूण सापडली तर पुढच्या वर्षी ती जागा नाही. ही जागा पुसायचं काम सिरोंकाचं होतं. मी आलो तेव्हापासून चौदा वर्षांत एक खूण कोणाला सापडली नव्हती.

कामाला बसला की तो आपल्या लोंबत्या कानांच्या पाळ्या वर उचलून कानांवरच अडकवायचा. लाल चौकडीची शाल कमरेला बांधायचा. पायवाटा घट्ट झालेल्या असत, त्या कुदळीने भुसभुशीत करायचा, बी धरलेलं गवत आणून त्यावर झोडपायचा, वर झेब्र्याची लीद पसरायचा. ती तरी कशी, मूठभर इथे, मूठभर तिथे, झेब्रा जाता जाता टाकतो तशीच. एकदा मी मदतीला म्हणून एक दगड उचलून होता तिथे ठेवला, तर हा तरातरा आला आणि त्याने तो उलटा केला.

"पालथा ठेवलास."

"दगडाला कसलं उलटं-पालथं, म्झे?" म्झे म्हणजे वडीलधारा. मी त्याला तेवढा मान द्यायचो. तो मला अजिबात द्यायचा नाही.

"दगडाला तोंड असतं. वरचं उन्हाने फिकट होतं, खालचं मातीने काळं. तुला कोणी झोपेत पालथा घातला तर चालेल का?"

माझ्या स्वयंपाकघरामागे लेलेश्वाचं एक राखी पानांचं झुडूप होतं. त्याच्या आडोशाला माझी चूल होती, तीन दगडांची. पाहुण्यांचं सगळं गॅसवर; पण आम्हा नोकरांचा चहा गॅसवर केला तर त्याला चव येत नाही, हे माझं मत आणि म्हाताऱ्याचंही. ते दगड धुराने काळे कुळकुळीत झालेले. दर वर्षी कँप उचलताना तो ते तीन दगड नदीपाशी तीन दिशांना नेऊन काळी बाजू मातीत दाबून ठेवायचा, आणि दर वर्षी म्हणायचा, "काम्बा, तुझे हे तीन दगड एक दिवस मला गोत्यात आणणार." कँप परत आला की पहिल्या दिवशी तेच तीन दगड शोधून आणून द्यायचा. कुठे ठेवलेत ते एकदाही विसरला नाही.

आमची भांडणं चहावर चालायची. मी म्हणायचो, तुमच्या आजोबांनी आमच्या आजोबांच्या गायी पळवल्या. तो फुंकर मारून घोट घ्यायचा. "पळवल्या नाहीत, परत आणल्या. देवाने जगातल्या सगळ्या गायी आम्हाला दिल्या. तुमच्याकडे त्या चुकून गेल्या होत्या." मग मी त्याला चहात साखर कमी घालायचो. तो हाक मारायचा, "म्पिशी, आजोबांचा राग साखरेवर काढू नकोस."

आता त्या जागेबद्दल. कँपच्या मधोमध गवताचा एक हिरवा गोल होता. भोवतीचा माळ उन्हाळ्यात करडा पडायचा, पण हा गोल हिरवाच. आखूड, मऊ, हरळीसारखं गवत. त्यावर हरणं दिवसभर बसून असायची, पिल्लं तिथेच उड्या मारायची. सगळे तंबू त्याच्याकडे तोंड करून लावलेले. पाहुणे सकाळी कॉफी घेऊन बसत आणि हरणांकडे बघत. आमची मॅनेजर गथोनी, नैरोबीची शिकलेली मुलगी, कामाला वाघीण. ती रोज संध्याकाळी शेकोटीपाशी नव्या पाहुण्यांना सांगायची, "हा माळ जसा जन्मला तसाच आहे. इथे माणसाने कधी वस्ती केलेली नाही." सिरोंका मागे भाला घेऊन उभा असायचा, कारण पाहुण्यांना तंबूपर्यंत सोडायचं कामही त्याचंच. त्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नसे.

तिसऱ्या वर्षी मला त्या गोलाचं बिंग कळलं. मी भांडी धुतलेलं पाणी त्याच्या कडेला ओतायचो. तिथे भोपळ्याचं एक बी रुजलं आणि आठवड्यात पान माझ्या पंजाएवढं झालं. मी मकुएनीच्या माळरानावर वाढलेला माणूस. आमच्याकडे बी पेरलं की आधी प्रार्थना करावी लागते. मी खाली बसलो, माती चिमटीत घेतली, वास घेतला. बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. समोर सिरोंका तपकीर ओढत बसला होता.

"म्झे, ही रानातली माती नाही. हे शेण आहे, वर्षानुवर्षांचं. इथे गुरांची गोठण होती."

त्याने तपकिरीची डबी बंद केली. मग म्हणाला, "काम्बाला मातीचा वास कळतो तर. मला वाटायचं फक्त बकरीचा कळतो."

"कोणाची होती?"

"माझ्या आईची."

आईचं नाव त्याने तेव्हा घेतलं नाही, नंतरही कधी घेतलं नाही. ती, असंच म्हणायचा. तिने शेणामातीचं घर स्वतःच्या हाताने लिंपलं होतं, भोवती काटेरी कुंपण, मधे गायी. "तिसरा तंबू आहे ना, त्यातल्या पाहुण्याची उशी जिथे येते, तिथे मी जन्मलो." पुढे गुरांवर रोग आला. उरलेली घेऊन माणसं निघाली, जाताना रीतीप्रमाणे घरं जाळली. शेणावर गवत उगवलं ते आजतागायत उगवतंय. मग काही वर्षांनी सगळ्यांनी मिळून जमिनी एकत्र केल्या, रानातल्या जनावरांसाठी राखून कँपांना भाड्याने दिल्या, आणि वस्त्या टेकडीपलीकडे गेल्या. सिरोंकानेही अंगठा दिला होता. आत यायला मिळे ते फक्त पाहुण्यांना आणि नोकरांना. म्हणून हा नोकर झाला. लोक नोकरी कशाकशासाठी करतात. हा आईच्या अंगणात झोपायला मिळावं म्हणून करत होता.

"मॅडमला सांगत का नाही?"

"सांगितलं तर समिती तंबू हलवेल. जुन्या वस्तीवर तंबू लावू देत नाहीत, कागदावर लिहिलंय तसं. आणि नाही हलवले तर मॅडम मला रोज शेकोटीपाशी उभं करतील आणि म्हणतील, सांगा बाबा, तुमच्या आईची गोष्ट." तपकिरीची डबी त्याने शालीत खोचली. "एकदा एका पाहुण्याने मला विचारलं, इथे पूर्वी काय होतं. मी म्हटलं, गवत. तो म्हणतो, त्याच्याआधी? मी म्हटलं, त्याच्याआधीही गवत. माणूस खूश झाला."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही झाकली. अकरा वर्षं कोणाला बोललो नाही, ही एकच गोष्ट मी आयुष्यात धड केली असं म्हणायचो. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तसली माती रोज पायाखाली, आणि मी तिथे काही लावायचं नाही, हे माझ्याने सोसवेना. एक तर नारोकच्या बाजारातून येणारे टोमॅटो म्हणजे ट्रकमध्येच चेंदामेंदा झालेले. शेवटी एका वर्षी मी स्वयंपाकघरामागे, गोलाच्या कडेला, लेलेश्वाच्या आड चार-पाच रोपं लावली. बाहेरचं झाड लावायला सक्त मनाई होती; लावणारा सापडला तर त्याला त्या टापूतल्या कुठल्याही कँपवर पुन्हा काम नाही. हे मला पाठ होतं. मी नव्या पोरांना तेच शिकवायचो.

टोमॅटो असे लागले की काय सांगू. गथोनी जेवताना म्हणाली, "म्पिशी, नारोकचा तो भाजीवाला बदललास ना? छान केलंस." मी मान डोलावली. दोन वर्षं मी ही चोरी केली आणि कँप उचलायच्या आधी रोपं उपटून कचऱ्याच्या पोत्यात तळाशी घातली. तिसऱ्या वर्षी ऐनवेळी गथोनी स्वतः पोती तपासायला बसली. माझ्या हातात फळांनी लगडलेली रोपं. पाचावर धारण बसली. सिरोंका तेव्हा पाहुण्यांच्या विमानाच्या धावपट्टीवरचं छप्पर उतरवायला गेलेला. मी गोलाच्या मधोमध गेलो, कारण तिथली माती सगळ्यात मऊ, आणि गवताचा थर अलगद कापून, खाली रोपं फळांसकट पुरून, थर पुन्हा जागच्या जागी बसवला. फटींत माती भरली. वर लीद टाकली, मूठभर इथे, मूठभर तिथे. म्हाताऱ्याचीच विद्या होती, चौदा वर्षं बघून शिकलेली. तो संध्याकाळी तिथून गेला आणि त्याच्या काही लक्षात आलं नाही. मला तर अभिमान वाटला होता, आता सांगायला लाज वाटते.

पिकलेले टोमॅटो खतात पुरले की काय होतं, हे कोणत्याही शेतकऱ्याच्या पोराला विचारा. मीही शेतकऱ्याचाच पोरगा होतो.

दोन आठवड्यांनी समिती आली. प्रमुखाचं नाव कासाइने; तिशी-पस्तिशीचा, शांत मुलगा. आल्या आल्या त्याने रीतीप्रमाणे सिरोंकापुढे डोकं झुकवलं, सिरोंकाने त्यावर हात ठेवला. मग सगळे चालायला लागले. तंबूंच्या जागा बघितल्या, पायवाटा बघितल्या. कासाइने हसून म्हणाला, "बाबा, कँप कुठे होता तेच आम्हाला सांगा आता." आणि तेवढ्यात त्याच्याबरोबरचा एकजण हिरव्या गोलाच्या मधून ओरडला, "हे काय आहे?"

टोमॅटो होते. एक नाही, दोन नाही, बोटभर उंचीच्या रोपांचा दाट पुंजका. मी पुरावा पुरला होता आणि पुरावा उगवला होता.

सगळे भोवती उभे राहिले. कासाइनेने पान चुरगळून वास घेतला. "हे रानातलं नाही. कोणी लावलं?"

मी बोलायला हवं होतं. माझी लेक म्वेंदे तेव्हा नर्सिंगला होती, अजून दोन वर्षं उरलेली, आणि घरात कमावणारा मी एकटा. हे कारण खरं आहे. पण भ्यालो हेही खरं आहे. सिरोंकाने त्या रोपांकडे पाहिलं, कापलेल्या थराच्या चौकोनाकडे पाहिलं, मग एकदाच माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्याला फक्त कळलं होतं.

तो खाली वाकला. गवताची मूठभर पाती उपटली आणि हात पुढे करून उभा राहिला. मसाई माणूस हातात हिरवं गवत धरून उभा राहिला की त्याच्यावर हात उगारायचा नाही, आधी ऐकून घ्यायचं. कासाइने एक पाऊल मागे सरला.

"कोणी लावलं हे विचारू नका," सिरोंका म्हणाला. "इथे लावावं लागत नाही. पाहुण्याच्या ताटातलं बी पडलं तरी उगवतं. ही माझ्या आईची गोठण आहे. मी इथे जन्मलो. चूक असेल तर या जागेची आहे, आणि जागा माझी आहे. मी आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ते माझ्याकडे मोजा."

गोलाच्या पलीकडे हरणं पुन्हा येऊन बसायला लागली होती.

"बाबा," कासाइने म्हणाला, "इतकी वर्षं गप्प?"

"कोणी विचारलं नाही."

गथोनी म्हणाली, "आणि मी रोज शेकोटीपाशी सांगत होते की इथे कधी..."

"तुम्ही छान सांगायचा, मॅडम. मलाही खरं वाटायला लागलं होतं."

समितीने तिथेच, गवतावर बसून ठरवलं. बाहेरच्या झाडाबद्दल कोणाला शिक्षा नाही. पण जुनी वस्ती ती जुनी वस्ती. कँपने कोरड्या नदीच्या पलीकडे जायचं आणि या जागेत यापुढे कोणी यायचं नाही, ना पाहुणा, ना नोकर, ना गाय. रोपं उपटून जागा पुन्हा नीट करायची. कासाइनेने निकाल सांगितला आणि सिरोंकापुढे पुन्हा डोकं झुकवलं. म्हाताऱ्याने हात ठेवला, त्यावर थुंकीचा बारीक फवारा उडवून आशीर्वाद दिला. ज्याने त्याची जागा काढून घेतली, त्याला.

संध्याकाळी तो लेलेश्वाच्या झुडपापाशी बसला होता. आणलेली चहाची किटली मी कुठे ठेवू ते कळेना, कारण चूल कधीच हलवलेली होती.

"का केलंत असं?" मी म्हटलं.

"काय केलं?"

"तुमची जागा गेली."

"तुझी लेक सुया टोचायला शिकतेय ना?"

"हो."

"किती राहिलं?"

"दोन वर्षं."

"मग झालं तर. माझी आई दोन वर्षांत कुठे जात नाही."

मी म्हणालो, मी आत्ता जाऊन खरं सांगतो. तो म्हणाला, "सांग. म्हणजे माझं गेलंच आहे, तुझंही जाईल. काम्बा लोक एवढे हिशेबी म्हणतात, तुला कोणी शिकवलं नाही वाटतं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "नारोकचे नव्हते, मला माहीत होतं. नारोकचा टोमॅटो असा लाल नसतो."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर म्हणता भाजी बकरीने खावी."

"एक खाल्ला होता. बकरीला सांगू नकोस."

मला रडू आलं. त्याने ते न बघितल्यासारखं केलं आणि थंड झालेला चहा किटलीच्या झाकणातून प्यायला.

ते शेवटचं पुसणं त्याने एकट्याने केलं, तीन दिवस. मला येऊ दिलं नाही. परतला तेव्हा आम्ही नवीन जागा आखायला नदीपलीकडे आलो होतो आणि मी गॅसवर चहा ठेवला होता. मी विचारलं, "माझे दगड कुठे आहेत? आणून द्या, इथे चूल मांडतो." तो म्हणाला, "तुझे दगड तुझ्या जागी आहेत." मला तो टोमणा वाटला. टोमणा मारायचा त्याला हक्कच होता, म्हणून मी गप्प बसलो.

नव्या जागेवर त्याने दोन हंगाम काढले. काम तसंच चोख, पण संध्याकाळी तोंड नदीपलीकडे करून बसायचा. मग गुडघे धरले आणि तो टेकडीपलीकडे लेकीकडे राहायला गेला. म्वेंदे नर्स झाली त्या दिवशी मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "आता तिला सांग, मला सुई टोचायला आलीस तर भाल्याने टोचेन." मीही पुढे तीन वर्षांनी घरी आलो. दोन वर्षांपूर्वी त्याची लेक सिमालोई हिचा फोन आला, "आमचे बाबा गेले." माझ्या पायाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. जाता आलं नाही.

गेलो तो या जानेवारीत. सिमालोई आता स्वतः समितीवर आहे. तिने माझ्यासाठी परवानगी काढली, अर्ध्या तासाची, गाडीतून तीच घेऊन गेली. हिरवा गोल लांबूनच दिसला. हरणं होती. पण बाकी काही नव्हतं. तिसरा तंबू कुठे, जेवणाचा कुठे, मी रोज पन्नास वेळा ज्या वाटेने गेलो ती वाट कुठे, काही म्हणता काही कळेना. चौदा वर्षं मी तिथे चूल फुंकली होती. मला म्हाताऱ्याचा राग आला, खरंच आला. एवढं पुसायचं असतं का, असं त्याला विचारावंसं वाटलं.

सिमालोई शेजारी उभी होती. तिच्यासमोर मी त्याचं नाव घेतलं नाही, तेवढी अक्कल आहे मला. म्हटलं, "सिमालोई, तुला एक सांगायचंय. ते टोमॅटो मी लावले होते."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"घरात सगळ्यांना माहीत आहे. तुमचा फोन आला की ते म्हणायचे, टोमॅटोचा फोन आलाय. माझी मुलं तुम्हाला टोमॅटोकाकाच म्हणतात."

मी हसलो की काय केलं, मला आठवत नाही. चालत राहिलो. उताराच्या अंदाजाने लेलेश्वाचं झुडूप सापडलं, दुप्पट वाढलेलं. फांदी बाजूला केली.

तीन दगड होते. नदीपाशी तीन दिशांना नव्हते, मातीत दाबलेले नव्हते. माझ्या चुलीच्या जागी, मी मांडायचो तसे, किटली बसेल एवढं अंतर सोडून, काळी बाजू वर. ज्या माणसाने आयुष्यात एक दगड पालथा पडू दिला नाही, त्याने हे तीन मुद्दाम तसे ठेवले होते. तुझे दगड तुझ्या जागी आहेत, असं त्याने मला सरळ सांगितलं होतं आणि मी मूर्खासारखा टोमणा समजलो होतो.

मी बराच वेळ तिथे बसलो. सिमालोई म्हणाली, "पुढच्या आठवड्यात समितीची पाहणी आहे इथे. दर वर्षी करतो. वहीत अजून लिहिलंय, टोमॅटो आपोआप उगवले, माणसाची खूण या जागेवर कधी सापडली नाही. त्यांच्या हातचं एवढं मोठं काम, एक शेरा नाही."

मी गुडघे टेकले. एक दगड उचलला, जड होता. त्याची काळी बाजू मातीत दाबली, फिकट तोंड वर केलं. मग दुसरा उचलून चार पावलं पलीकडे नेला. तिसरा गोलाच्या कडेला. भोवती गवत सारखं केलं. हरणांच्या लेंड्या मूठभर इथे टाकल्या, मूठभर तिथे.

"काय करताय?" तिने विचारलं.

"तुझ्या बापाचं राहिलेलं काम."

तिने खाली वाकून पाहिलं, पण आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझे दोन्ही तळहात काजळीने काळे झाले होते. तिने गाडीतून पाण्याची बाटली आणली. मी म्हटलं, राहू दे, घरी गेल्यावर धुवेन.